हरळी, बाजरी आणि तीन मिलिमीटरची हिरवळ

२०१४ च्या जून महिन्यात अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, पाइनहर्स्ट या गावी, एकाच मैदानावर लागोपाठच्या दोन आठवड्यांत गोल्फच्या दोन मोठ्या स्पर्धा झाल्या. आधी पुरुषांची यूएस ओपन. ती जर्मनीच्या मार्टिन कायमरनं आठ फटक्यांच्या आघाडीनं जिंकली. मग महिलांची, ती मिशेल वीनं. जगातले उत्तमोत्तम खेळाडू ज्या हिरवळीवर उकिडवे बसून, डोळे बारीक करून चेंडूची वाट जोखत होते, ती हिरवळ स्पर्धा संपल्यावर त्याच उन्हाळ्यात काढून टाकण्यात आली. तिच्या जागी दुसरं गवत लावलं.

काढलं ते बेंटग्रास, थंड देशांतलं मऊ, बारीक पात्याचं गवत. लावली ती हरळी. आता ती आपल्या बांधावर दिसते तशी नव्हे. ‘चॅम्पियन’ नावाचा तिचा एक अतिशय बुटका, नाजूक वाण. पण कूळ तेच. नांगरट झाल्यावर जिच्या काशा वेचता वेचता बायामाणसांची कंबर मोडते, आणि भाद्रपदात जिच्या एकवीस दूर्वांच्या जुड्या गणपतीपुढे ठेवल्या जातात, तीच ही.

गोल्फ हा मला कधीच न समजलेला खेळ आहे, आणि समजून घ्यायची फारशी घाईही नाही. पण त्याच्या मैदानावर कुठलं गवत लावायचं या प्रश्नात शिरलं की माणूस बघता बघता पानाच्या पेशींत, गुणसूत्रांत, समुद्राच्या मिठात आणि थेट आपल्या बाजरीच्या शेतात जाऊन पोचतो. त्या वाटेचंच मला अप्रूप आहे.

गोल्फचं मैदान म्हणजे गवताचे तीन-चार वेगवेगळे संसार. कडेचं उंच वाढवलेलं ‘रफ’, मधला कापलेला ‘फेअरवे’, सुरुवातीचा ‘टी’, आणि शेवटी छिद्राभोवतीची ती गोलसर ‘ग्रीन’. अडचण सगळी या ग्रीनची. तिथं चेंडू उडवायचा नसतो, घरंगळवायचा असतो. त्यामुळे गवत कापतात सुमारे तीन मिलिमीटर उंचीवर. आपली दोन नाणी एकावर एक ठेवली तर जेवढी जाडी होते, जवळपास तेवढंच. आणि हे रोज, कधी दिवसातून दोनदा. पान हे वनस्पतीचं स्वयंपाकघर. ते रोज छाटत राहायचं आणि वर म्हणायचं, हिरवी राहा, दाट राहा, रोगाला बळी पडू नकोस.

गवत हे मुळात सोसतं कसं? तर त्याची पाती बुडातून वाढतात. झुडपाचा शेंडा खुडला की त्या फांदीची वाढ तिथं थांबते. गवताचा वाढीचा डोळा मात्र जमिनीलगत दडलेला असतो, आणि पातं वरून खाल्लं तरी खालून पुढे सरकत राहतं. चरणाऱ्या जनावरांच्या तोंडासमोर लाखो वर्षं काढल्याची ही कमाई आहे. यंत्राचं पातं म्हणजे गवताच्या दृष्टीनं एक फार शिस्तीची मेंढी.

मेंढ्यांचा उल्लेख उगाच केला नाही. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजला गोल्फ रुजला तेव्हा कुणी गवत निवडलंच नव्हतं. समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधली वाळूची, उंचसखल, पिकाला निरुपयोगी पट्टी. तिच्यावर खारा वारा, थंड हवा, सारखी भुरभुर, आणि चरणाऱ्या मेंढ्या नि ससे. इतकं सोसून जे उरलं ते होतं फेस्क्यू, सुईसारख्या बारीक पात्याचं, कमी खाणारं, कमी पिणारं. आणि त्याच्या जोडीला बेंट. वाळूतून पाणी झिरपून जातं, त्यामुळे जमीन टणक आणि चेंडू लांबवर धावतो. खेळाचे सगळे आडाखे या जमिनीवर बसले. नंतर जगभर जिथं जिथं मैदानं झाली, तिथं तिथं माणसं नकळत स्कॉटलंडचं हवामानच लावायला बघत होती. उत्तर अमेरिकेच्या दक्षिणेत, भारतात, अरबस्तानात.

पाइनहर्स्टचं मैदान आखणारा डोनाल्ड रॉस स्कॉटलंडमधल्या डॉर्नोकचा, सेंट अँड्र्यूजला ओल्ड टॉम मॉरिसच्या हाताखाली शिकलेला. त्याला अस्सल ग्रीन कशी असते हे पक्कं ठाऊक. पण कॅरोलायनाच्या उन्हाळ्यात ती टिकेना. म्हणून १९३५ पर्यंत पाइनहर्स्टच्या ग्रीनवर गवत नव्हतंच. दाबून सपाट केलेली वाळू होती, तिच्यावर चेंडू ढकलायचा. एवढ्या नावाजलेल्या मैदानावर! १९३६ ची पीजीए स्पर्धा तिथं व्हायची होती, तेव्हा कुठे रॉसनं, मैदानाची निगा राखणाऱ्या फ्रँक मेपल्सच्या साथीनं, ग्रीन गवताच्या केल्या. त्यानंतरच्या ऐंशी वर्षांत तिथं आधी हरळी, मग बेंट, मग पुन्हा हरळी असा प्रवास झाला. ही लहर किंवा फॅशन नव्हती. दर वेळी पारडं हललं ते एका एन्झाइमच्या चुकीमुळे आणि ती चुकवण्याच्या एका युक्तीमुळे.

त्या एन्झाइमचं नाव रुबिस्को. पानात शिरलेला कार्बन डायऑक्साइड पकडायचा आणि साखरेच्या वाटेला लावायचा, हे त्याचं काम. पृथ्वीवर आपण जे काही खातो ते या ना त्या वाटेनं त्याच्या हातून आलेलं असतं. पण हा कारागीर थोडा गोंधळ्या आहे. हवेत ऑक्सिजन फारसा नव्हता त्या युगात तो घडला, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड कुठला आणि ऑक्सिजन कुठला, हे त्याला नेमकं ओळखता येत नाही. थंडीत चुका कमी होतात. ऊन तापलं की वाढतात. चुकून ऑक्सिजन पकडला की ते निस्तरायला वनस्पतीला कमावलेली ऊर्जा खर्चावी लागते, आणि पकडलेला थोडा कार्बनही हातचा जातो. बेंट, फेस्क्यू, राय ही सगळी गवतं अशीच चालतात. पंधरा ते चोवीस अंश सेल्सियसमध्ये ती खुशीत असतात. पारा तिशीपार गेला की त्यांची मिळकत घटते आणि खर्च वाढतो.

गवतांच्या दुसऱ्या एका गटानं यावर तोड काढली. तिचा नीट उलगडा १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅल हॅच आणि रॉजर स्लॅक या दोघांनी केला, तोही उसाच्या पानात. या गटात हवेतला कार्बन डायऑक्साइड आधी एक वेगळंच एन्झाइम पकडतं, जे ऑक्सिजनला अजिबात फसत नाही. मग तो कार्बन चार कार्बन-अणूंच्या आम्लाच्या रूपात पानाच्या शिरेभोवतीच्या खास पेशींत पोचवला जातो आणि तिथं मोकळा केला जातो. रुबिस्को बसलेला असतो त्या आतल्या खोलीत. तिथं कार्बन डायऑक्साइडची इतकी दाटी असते की चूक करायला त्याला वावच उरत नाही. शिवाय पानाची छिद्रं फार उघडी ठेवावी लागत नाहीत, म्हणून पाणीही वाचतं. या पंपाला जास्तीची ऊर्जा लागते. म्हणून थंडीत किंवा अंधाऱ्या हवेत हा सौदा तोट्याचा, आणि रणरणत्या उन्हात फायद्याचा. सत्तावीस ते पस्तीस अंशांत ही मंडळी जोमात येतात.

ऊस, ज्वारी, बाजरी, मका या गटातले. आणि हरळी. गहू दुसऱ्या गटातला, म्हणून तो रब्बीची थंडी मागतो. गोल्फ मैदानाचा सल्लागार नकाशा पुढे ठेवून जे ठरवतो, ते आपल्याकडचा शेतकरी खरीप-रब्बी म्हणून कधीपासून ठरवत आलाय.

दिवसाचं ऊन एक वेळ परवडलं, बेंटला खरा मार बसतो तो रात्रीचा. रात्र उबदार राहिली की गवत झोपेतही दिवसाची कमाई जाळत राहतं. ऑगस्टपर्यंत मुळं आखडत आखडत वरच्या काही सेंटिमीटरमध्ये येतात. त्यात दमट हवेत बुरशी टपलेलीच. मग अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत ग्रीनच्या कडेला मोठाले विजेचे पंखे उभे केलेले दिसतात. दुपारी माणसं नळी घेऊन पानांवर हलकीशी फवार मारत फिरतात. मुळांना पाणी द्यायला नव्हे, नुसती पानं निववायला.

या हट्टाचं सर्वांत देखणं उदाहरण म्हणजे जॉर्जियातलं ऑगस्टा नॅशनल, जिथं मास्टर्स स्पर्धा होते. जागा मुळात एका जुन्या नर्सरीची. अठराही होलना झाडांची-फुलांची नावं आहेत. १९३३ साली मैदान सुरू झालं तेव्हा ग्रीनवर हरळी होती आणि हिवाळ्यात तिच्यावर रायचं बी फेकत. १९८१ च्या मास्टर्सपासून तिथं बेंट आलं, कारण त्याच्यावर चेंडू झरझर घरंगळतो. पण जॉर्जियात बेंट ठेवायचं म्हणजे काय? ग्रीनच्या पोटात पाइपांचं जाळं आहे; ते पंपाला जोडून जमिनीतलं जास्तीचं पाणी ओढून घेता येतं आणि उलट हवाही आत सोडता येते. मुळांना ओल हवी आणि श्वासही हवा, या अवस्थेला आपला शेतकरी वाफसा म्हणतो; ऑगस्टा नॅशनलमध्ये तो यंत्रानं आणला जातो. आणि एवढं करूनही मे महिन्याच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत मैदान चक्क बंद ठेवतात. फेअरवेवर मात्र तिथंही हरळीच आहे. दर शरदात तिच्यावर राय पेरतात. एप्रिलमध्ये टीव्हीवर दिसणारा तो डोळे निवणारा हिरवा रंग बहुतांशी या पाहुण्या रायचा; मालकीणबाई तेव्हा खाली नुकत्या जाग्या होत असतात. कारण थंडीत हरळी तपकिरी पडून झोपते, आणि तपकिरी मैदान पैसेवाल्या सभासदांना सोसत नाही. मला विचाराल तर तो तपकिरी रंगच अधिक खरा.

आता हरळीकडे वळू. १९४० च्या दशकापर्यंत तिच्या ग्रीन म्हणजे जाडीभरडी, खरबरीत, चेंडूला कुठेही वळवणारी गोष्ट होती. हरळीला ‘ओढ’ असते. तिचे धुमारे एका दिशेनं पसरतात आणि पाती त्या बाजूला कलतात. कलाच्या बाजूनं मारलेला चेंडू सुसाट जातो, विरुद्ध मारलेला अडखळतो. तिला बारीक, बुटकी आणि दाट करण्याचं काम ज्यानं केलं तो ग्लेन बर्टन. नेब्रास्कात वाढलेला हा वनस्पतिप्रजननशास्त्रज्ञ १९३६ साली जॉर्जियातल्या टिफ्टन गावच्या शेती संशोधन केंद्रावर आला. आला तो गुरांच्या चाऱ्यासाठी गवत सुधारायला, आणि १९४३ साली ‘कोस्टल’ नावाची चाऱ्याची हरळी देऊन त्यानं ते कामही केलं.

गोल्फसाठी त्यानं दोन हरळ्यांचा संकर केला. एक आपली ओळखीची, राकट. त्यातली जी उत्तम माता निवडली ती शार्लट इथल्या एका क्लबच्या चौथ्या ग्रीनवर सापडलेली होती. दुसरी दक्षिण आफ्रिकेची, केसासारख्या बारीक पात्याची, नाजूक. पहिलीची गुणसूत्रं छत्तीस, दुसरीची अठरा. संकराला मिळाली सत्तावीस, म्हणजे मूळ नऊच्या संचाच्या तीन प्रती. जोड्या लावायला बसलं की एक प्रत कायम एकटी उरते, म्हणून या संकरित हरळीला बी धरत नाही. १९५६ साली आलेली ‘टिफग्रीन’ आणि १९६० ची ‘टिफवे’, दोन्ही वांझ. त्या वाढवायच्या तर काशांचे, धुमाऱ्यांचे तुकडे करून लावायचे. एका रोपाचे तुकडे, त्या तुकड्यांचे तुकडे. वेगळ्या शब्दांत सांगायचं तर फ्लोरिडात, थायलंडमध्ये, दुबईत पसरलेली टिफवे ही लाखो रोपं नसून, १९६० पूर्वी टिफ्टनमध्ये रुजलेलं एकच रोप आहे, जे अजून मेलेलं नाही.

पण एकच शरीर इतकं वाढलं की त्यात कुठे ना कुठे गुणसूत्राची नक्कल चुकते. टिफग्रीनच्या जुन्या ग्रीनवर काही ठिकाणी ठिगळासारखे बुटके, गर्द पट्टे दिसू लागले. बर्टननं ते उचलले. १९६५ साली त्यातून ‘टिफड्वार्फ’ आली. पुढे टेक्सासमध्ये टिफड्वार्फच्या एका ग्रीनवर आणखी बुटका पट्टा सापडला, तोच चॅम्पियन. म्हणजे पाइनहर्स्टला लावली ती एका संकराच्या चुकीतली चूक. बर्टनचे उत्तराधिकारी वेन हॅना चुकीची वाट बघत बसले नाहीत. त्यांनी काशांवर गॅमा किरण सोडून चुका घडवून आणल्या आणि त्यांतून निवडून १९९७ साली ‘टिफईगल’ दिली. तीन मिलिमीटरवर रोज कापून घेणारी हरळी या अशा अपघातांतून जन्मली. आता उन्हाळ्यात पंखे लावून बेंट जगवत बसण्यापेक्षा ही बरी, असा हिशेब दक्षिणेतल्या एकेका क्लबनं केला. पाइनहर्स्ट त्यातलंच.

बर्टनची गोष्ट इथं संपत नाही, आणि आपल्याला ती जवळची वाटावी असा भाग पुढेच आहे. हाच माणूस टिफ्टनमध्ये त्याच काळात बाजरीवर काम करत होता. अमेरिकेत बाजरी खात नाहीत, गुरांना घालतात. त्यानं बाजरीचा एक नरवंध्य वाण तयार केला, ‘टिफ्ट २३ ए’. ज्याच्या कणसात कार्यक्षम पराग नाहीत, असा मादी वाण हाताशी असला की संकरित बियाणं शेतावर मोठ्या प्रमाणात करता येतं. हा वाण भारतात आला. लुधियानात त्याचा एका देशी नर वाणाशी संकर करून १९६५ साली ‘एचबी-१’ ही भारतातली पहिली संकरित बाजरी बाहेर पडली. तिनं आणि तिच्या भावंडांनी उत्पादन कुठल्या कुठे नेलं. आणि सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला गोसावी रोगानं त्यांचा फडशाही पाडला, कारण सगळ्यांची आई एकच आणि ती या रोगापुढे दुबळी. मग आपल्या शास्त्रज्ञांनी रोगाला तोंड देणारे नवे वाण घडवले. नगर, मराठवाडा, खानदेशातल्या ज्या घरांत संकरित बाजरीची भाकरी थापली गेली, त्यांचं आणि अमेरिकन श्रीमंतांच्या ग्रीनचं गाव एकच निघावं, याचं आश्चर्य मला अजून ओसरत नाही. दोन्ही ठिकाणी युक्ती वंध्यत्वाचीच होती. एकीकडे ते हेतूनं आणलेलं, दुसरीकडे संकराच्या ओघात आलेलं. धोकाही तोच. एकाच रोपाच्या तुकड्यांनी अर्धं जग झाकलं की एका रोगाला वाट मोकळी होते.

हरळीला दोन गोष्टी मुळीच चालत नाहीत, सावली आणि कडक गोठण. झाडाखाली ती विरळ होते हे कुठल्याही बागेत दिसतं. अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यात, कॅन्सस-मिसूरीकडे, मोठा पेच आहे. तिथला उन्हाळा बेंटला जाळतो आणि हिवाळा हरळीला मारतो. तिथं मदतीला आलं पूर्व आशियातलं झॉयशिया, दाट, कडक पात्याचं, थंडी पेलणारं, पण वाढीला इतकं सुस्त की एकदा टवका उडाला की भरून यायला महिने लागावेत. त्याचा सर्वांत गाजलेला वाण फ्रँक मेयर या वनस्पतिशोधकाच्या नावानं ओळखला जातो. अमेरिकन सरकारसाठी चीन-कोरियात पायी हिंडून तो बियाणं पाठवत असे. १९१८ साली यांगत्सी नदीवरच्या प्रवासात बोटीवरून नाहीसा झाला. त्याच्या नावाचं लिंबू अमेरिकन स्वयंपाकघरांत आहे आणि त्याच्या नावाचं गवत सेंट लुईसच्या फेअरवेंवर.

जपाननं या पेचातून काढलेली वाट मात्र सर्वांहून न्यारी. तिथला उन्हाळा घामाघूम आणि हिवाळा कडाक्याचा. मग त्यांनी प्रत्येक होलला दोन-दोन ग्रीन केल्या. एक झॉयशियाची, त्यांच्या भाषेत ‘कोराई’, उन्हाळ्यासाठी. दुसरी बेंटची, थंडीसाठी. मोसम बदलला की झेंडा इकडून तिकडे. टोकियोजवळच्या कासुमिगासेकी क्लबलाही अशाच जोडग्रीन होत्या. उन्हाळा सोसणारं बेंट हाती आलं आणि टोकियो ऑलिम्पिकपूर्वीच्या नूतनीकरणात, २०१६ साली, तिथं एकेकच ठेवली. खेळाच्या दृष्टीनं सुधारणा असेल. मला आपलं वाटतं, एक फार सभ्य तडजोड गेली.

समुद्रकाठी प्रश्न मिठाचा. गोडं पाणी महाग, बोअरचं पाणी मचूळ, आणि बहुतेक गवतं खारवलेल्या मातीत तहानेनंच मरतात, कारण मीठ मुळांना पाणी ओढू देत नाही. किनाऱ्यावरचं पास्पॅलम नावाचं गवत याला अपवाद. नव्वदीच्या दशकात जॉर्जिया विद्यापीठाच्या रॉनी डंकन यांनी ठिकठिकाणचे त्याचे नमुने जमवून मैदानाजोगे वाण निवडले. साउथ कॅरोलायनात कियावा बेटावर अटलांटिकच्या तोंडाशी असलेलं मैदान पास्पॅलमचं आहे. तिथं २०१२ साली पीजीए स्पर्धा झाली आणि या गवतावर पहिल्यांदाच एवढी मोठी स्पर्धा खेळली गेली. रिओच्या २०१६ च्या ऑलिम्पिकमध्ये गोल्फ ११२ वर्षांनी परतला, तेव्हा फेअरवे झॉयशियाचे आणि ग्रीन पास्पॅलमच्या होत्या. दुबईत १९८८ साली मध्यपूर्वेतलं पहिलं पूर्ण गवती मैदान उघडलं, तेव्हा त्यावर बर्टनची टिफवे होती आणि पाणी समुद्राचं मीठ काढून केलेलं. दिवसाला लाखो लिटर. त्याआधी आखातात तेल शिंपडलेल्या वाळूवर, ‘ब्राउन’वर, खेळत. गवताची निवड म्हणजे शेवटी पाण्याची निवड असते, हे तिथं उघडंवाघडं दिसतं.

आपल्याकडे कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा जगातला सर्वांत जुना. मुंबईत चेंबूरचा १९२७ चा. हवामान बघता हरळीचं कूळ इथं घरचंच. नर्सरीत लॉनसाठी ‘सिलेक्शन वन’ म्हणून जे देतात ती हरळीच, आणि ‘कोरियन’ म्हणून मिळणारं टोचरं, गुबगुबीत गवत झॉयशियाच्या नात्यातलं. मात्र मुंबईचा पावसाळा या हिशेबात बसत नाही. उष्णता भरपूर, पाणी नको इतकं, पण ऊन आठवडेच्या आठवडे गायब. पानातला तो कार्बन डायऑक्साइडचा पंप चालवायला लागणारी ऊर्जा ढगांमागे अडकते. हरळी उंच, फिकी, विरळ होऊ लागते आणि चिखलात यंत्र घालता येत नाही. वैशाखवणव्याला पुरून उरणारं गवत श्रावणात रुसतं.

एवढी निवड, एवढे संकर, गॅमा किरण. आणि या साऱ्यात एक गवत असं आहे जे कुणीच निवडत नाही. ‘पोआ ॲन्युआ’. दोन युरोपीय गवतांच्या नैसर्गिक संकरातून आलेलं, जगभर फुटपाथच्या फटीत उगवणारं तण. थंड हवेच्या कुठल्याही मैदानावर काहीही लावा, दहा-वीस वर्षांत हे आत येऊन बसतं. तीन मिलिमीटरवर कापलं तरी त्या उंचीतच तुरा काढून बी टाकतं. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या ग्रीनवर हेच आहे. दुपारनंतर त्याचे तुरे वर येतात आणि चेंडू उड्या मारत जातो, असं खेळाडू कुरकुरतात. पिट्सबर्गजवळच्या ओकमाँटच्या ग्रीन अमेरिकेत सर्वांत वेगवान मानल्या जातात. एडवर्ड स्टिम्पसन या हौशी गोल्फपटूनं १९३५ ची यूएस ओपन तिथं पाहिली आणि ग्रीनचा वेग मोजायचं साधन बनवलं, जे आज सगळीकडे वापरतात. त्या ग्रीनवरही पोआच.

नावाप्रमाणे ते वर्षायू आहे. फुलायचं, बी टाकायचं, मरायचं. पण ओकमाँटसारख्या जुन्या ग्रीनवर ते वर्षानुवर्षं टिकतं, बुटकं आणि मखमलीसारखं दाट होतं. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे डेव्हिड हफ यांनी या बुटक्या रूपाचं बियाणं करायचा ध्यास घेतला आणि अनेक वर्षं त्यामागे घालवली. निवडायचं, शेतात वाढवायचं, बी धरायचं. पण बी धरायला गवत उंच वाढू द्यावं लागतं, आणि कापणं थांबलं की काही पिढ्यांत ते पुन्हा उंच, मोकळं, फुटपाथवरचं पोआ होऊ लागे. शोध घेतला तेव्हा कळलं, की जनुकांची अक्षरं बदललेली नव्हती. ती वाचली जाण्याची रीत बदलली होती. रोजच्या कापण्याच्या ताणानं काही जनुकं मिटून ठेवली जातात, आणि ती मिटलेली अवस्था बियांतूनही पुढच्या पिढीत उतरते. यंत्र चालू आहे तोवर.